माझा नवरा तिसऱ्या रांगेत बसला होता

सुजाता, अशी जवळ ये. कागदावरून का होईना, पण जवळ ये. आणि आधी ते नाक पूस.

परवा फोनवर काय म्हणालीस? "आत्या, तुझं पुस्तक वाचलं, वाचता वाचता रडले गं." का रडलीस? खुनाची गोष्ट वाचून माणूस घाबरतं. उठून दाराची कडी बघून येतं. खुनी कोण म्हणून डोकं खाजवतं. रडतं कधी? तिकडे माणगावच्या दवाखान्यात नर्स म्हणून रोज जखमा बांधतेस, रक्ताला भीत नाहीस, आणि माझ्या पुस्तकाला रडलीस. मी म्हटलं, अगं त्यात नवरा मरतो, माझा नवरा, तुझे मामा, तर इथे बसून बोंबील भाजतायत. तर म्हणालीस, "ते सोडून बाकी सगळं तुझंच ना?"

मला राग आला. पुस्तक छापणाऱ्यांचा तर होताच, तुझाही आला. थोडा.

माझ्या भावाची लेक तू. तुलाही वाटलं, आत्याने आपलं रडगाणं छापलं. मग परक्यांना मी काय बोलू? म्हणून आता पहिल्यापासून सांगते. मध्ये बोलायचं नाही.

प्रकाशनाच्या दिवशी तुझी ड्युटी होती म्हणून तू आली नाहीस. उरणातला हॉल. स्टेजच्या मागे एक खोली. तिथे मॅडमनी माझ्यासमोर टोपली ठेवली. मॅडम म्हणजे माझं पुस्तक ज्यांनी छापलं त्या. बांबूची नवीकोरी टोपली. काठाला झेंडूची माळ, आत सोनेरी कागद. त्या कागदावर पुस्तकांचे गठ्ठे, चकचकीत कागदात गुंडाळलेले, रिबिनी बांधलेले. शेजारी टोपलीखाली डोक्यावर ठेवायची चुंबळसुद्धा होती. लाल कापडाची. जरीची किनार लावलेली चुंबळ मी जन्मात पहिल्यांदा बघितली.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, ही टोपली डोक्यावर घ्यायची आणि लोकांमधून चालत यायचं. हळूहळू. मागे सनई लागेल. पाहुणे तुमच्या टोपलीतून एकेक पुस्तक उचलतील."

मी विचारलं, "आणि बाकीचे लेखक?"

"ते स्टेजवर बसलेले असतील ना."

पाच जणांची पाच पुस्तकं होती त्या दिवशी. चौघं खुर्चीत. मी टोपलीखाली.

मी काही बोलायच्या आत त्यांनी पिशवीतून लुगडं काढलं. हिरवं, जाड सुताचं. "आणि हे नेसून घ्या पटकन. तुमची साडी छानच आहे हो, पण फोटोत मिठागर दिसायला पाहिजे."

माझ्या अंगावर पांढरी साडी होती, निळ्या काठाची. बुद्धपौर्णिमेला नेसते ती. इस्त्री करून आणली होती मी.

माझ्या तोंडून काय निघालं माहितीये? "मॅडम, मान दुखते." बस. मान ठणठणीत आहे माझी. पण तेव्हा तेवढंच निघालं. मॅडमचं तोंड पडलं. टोपली मग स्टेजवरच्या टेबलावर नेऊन ठेवली, आणि मला एक खुर्ची वाढवून दिली. कडेला. पंख्याचा वारा पोचत नाही तिथे.

आता मागचं सांगते, नाहीतर तुला कळायचं नाही.

तुला ठाऊक आहे, मी शाळेत गेले नाही. पोरवयात मिठागरात होते. बंधाऱ्यावरून मीठ वाहायचं, ढीग लावायचे. मग बंदर आलं, मिठागरं बुजली, आणि मी कंटेनरच्या यार्डात झाडूकामाला लागले. तुझे मामा ट्रेलर चालवायचे, न्हावा शेव्याहून माल उचलायचे. वाचायला मी विहारात शिकले. कुणी शिकवलं नाही. वंदना तोंडपाठ होती. पुस्तक समोर धरायची आणि म्हणता म्हणता बोट फिरवायची. शब्द माझे ओळखीचे, अक्षरं तेवढी अनोळखी. मग एकेक अक्षर पकडलं. हा 'ब' इथे बुद्धात सापडला, आता बघू धम्मात कोण कोण लपलंय. तेव्हापासून माझी सवयच तशी. समोरचं दिसतंय त्यावर विश्वास ठेवायचा नाही, आत काय दडलंय ते बघायचं. मामा म्हणतात, "हिच्या चहात साखर जास्त पडली तरी ही इचारते, कुणी टाकली आन् का."

तर अशा बाईला यार्डात एक गोष्ट सुचली. कंटेनर येतो. दाराला सील असतं, पत्र्याचं नाही, चांगलं जाड, एकदा लावलं की कापल्याशिवाय निघत नाही. सील शाबूत, आणि उघडून बघावं तर आत माल नाही. कसा गेला? झाडू मारता मारता मी ह्याच्यावरच विचार करायचे. तिथून गोष्ट सुरू झाली. एक बाई. यार्डात झाडूवाली. तिचा नवरा ट्रेलर चालवतो. एक दिवस ट्रेलर जुन्या मिठागराच्या कडेला उभा सापडतो, नवरा पाण्यात पालथा. पोलीस म्हणतात, प्याला असेल, पडला. बाई म्हणते, माझा नवरा दारूला शिवत नव्हता. आणि ती शोधायला लागते. झाडूने. कोण काय टाकतं, कोण काय सांडतं, कुणाच्या चपलेला कुठला चिखल. झाडूवालीकडे कोण बघतं? म्हणून तिला सगळं दिसतं.

नाव ठेवलं 'शाबूत सील'. सांग, चांगलं नाव आहे की नाही?

ते सगळं मी रचलं, सुजाता. डोक्यातून. तो मेलेला नवरा, तो यार्डाचा साहेब, ती चहाची टपरी, सगळे माझे. कुणी मला सांगितलेलं नाही, कुणी भोगलेलं नाही. खुनी कोण हे ठरवायला मला एक आख्खा पावसाळा लागला. तीनदा खुनी बदलला मी.

मग मॅडम आल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की बौद्धवाडीतली एक म्हातारी लिहिते. त्यांनी ठरवलं होतं की ह्या किनाऱ्यावरच्या नवीन, कुणाला माहीत नसलेल्या लेखकांची पुस्तकं काढायची, एकदम पाच, वेगवेगळ्या तऱ्हेची. एका डॉक्टरीणबाईच्या कविता. एका निवृत्त मास्तरांचं प्रवासवर्णन. एका कोळीणबाईचं माशांच्या कालवणांचं पुस्तक. एका रिटायर कंडक्टरच्या भुतांच्या गोष्टी. आणि पाचवं माझं. ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, छाती भरून आली. पण संशयही आला. कारण मॅडम घरात आल्या, बसल्या, आणि पहिला फोटो काढला तो माझ्या पायांचा.

पायांचा! बाजूला लिहिलेल्या कागदांची एवढी चळत पडली होती. तिचा नाही काढला.

पंधरवड्याने परत आल्या. म्हणाल्या, वाचलं. मी विचारलं, "मॅडम, खुनी आधी ओळखलात की शेवटी कळला?"

"हो, ते... ते आहेच हो त्यात. पण मावशी, मला सांगा, लहानपणी तुम्हाला पाणी वरून ओतायचे का?"

मी चहा गाळत राहिले.

"उपाशी झोपलात का कधी? मिठाने पाय सोलायचे का? सांगा ना, लाजू नका."

ऐक हं. असं नाही की नव्हतं. होतं. तुझ्या बापाला विचार, त्याने माझ्याबरोबर काढलंय ते. आपल्या लोकांनी स्वतःचं आयुष्य उघडं करून लिहिलं, तेव्हा कुठे आपल्यासारख्यांना कळलं की आपणही लिहू शकतो. त्या पुस्तकांना मी हात जोडते. पण ते त्यांनी स्वतःहून सांगितलं. त्यांना सांगायचं होतं म्हणून. माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन, कुणी माझ्या जखमा मागून नेतंय, जशी वाटीभर साखर मागावी तशी, हे मला पटलं नाही. मी म्हटलं, "मॅडम, ते पुन्हा कधी." त्या हसल्या. ते हसू मला आवडलं नाही.

मग फोन आला, "मावशी, प्रूफं मीच बघते. तुमच्या डोळ्यांना ताण नको." मग दुसरा फोन, "शेवट जरा लांबतोय, किंचित आवरते हं." मी म्हटलं, शब्द इकडेतिकडे झाले तर चालेल, पण गोष्टीची गाठ सोडू नका. "नाही हो, काळजी करू नका," म्हणाल्या. कुणी 'काळजी करू नका' म्हटलं की मला काळजी लागते. मामांना म्हटलं, काहीतरी शिजतंय. मामा म्हणाले, "तुला सगळीकडं खूनच दिसतोय आता. पुस्तक छापतायत तर छापू दे की."

तर असे आम्ही हॉलमध्ये पोचलो. टोपलीचं सांगितलंच.

कार्यक्रम सुरू झाला. मी कडेच्या खुर्चीत. माझ्या शेजारी ते कंडक्टर. भला माणूस. हळूच म्हणाले, "ताई, स्टँडवर हजार माणसांत ओरडलो, पण इथे जीभ टाळूला चिकटलीय." मी म्हटलं, घंटी वाजवा नि सुटा. ते खुदकन हसले.

पाहुण्यांनी रिबिनी सोडल्या. एकेक पुस्तक कागदातून बाहेर आलं, पाहुण्यांनी ते छातीशी धरलं, फोटो झाले. कवितांच्या पुस्तकावर चाफा. कालवणांच्या पुस्तकावर पापलेट. भुतांच्या पुस्तकावर वडाचं झाड आणि खाली एस्टी. झकास. मग माझं निघालं.

कव्हरवर एक बाई. वाकलेली. डोक्यावर टोपली, चेहरा दिसत नाही, नुसते पाय. माझे पाय. वर नाव काय, तर 'मिठागरातली आसवं'. आणि खाली बारीक अक्षरात, एका मिठागर कामगार स्त्रीचं आत्मकथन.

मी मुद्दाम परत वाचलं. अक्षर अक्षर लावून. म्हटलं, आपल्यालाच नीट येत नसेल.

मी कंडक्टरांना पुस्तक दाखवलं. त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसायला लागले.

मग प्रमुख पाहुणे उठले. मोठे सर, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले, पांढरे केस, खांद्यावर शाल. डॉक्टरीणबाईंच्या कवितांवर बोलले. प्रेमाच्या कविता होत्या, बरं का, आणि चांगल्या मोकळ्याढाकळ्या. कुणी त्यांना विचारलं नाही की बाई, हा कोण? नवराच ना? सर म्हणाले, "कल्पनेची झेप." कंडक्टरांना कुणी विचारलं नाही की भूत तुमच्या बसमध्ये कुठल्या स्टॉपला चढलं. सर म्हणाले, "रचनेवरची हुकमत." त्यांना जमलं की झेप. त्यांना जमलं की हुकमत.

मग माझ्याकडे वळले. आवाज खाली आणला. खिशातून रुमाल काढला.

"आणि ही माउली. हिच्या पुस्तकाविषयी बोलताना माझा कंठ दाटून येतो. इथे कल्पना नाही. इथे फक्त भोग आहे. ऐन तारुण्यात हिच्या पतीचा निर्घृण खून झाला. मिठागराच्या पाण्यात त्याचं कलेवर तिने स्वतःच्या हातांनी..."

हॉलमध्ये अर्धं उरण बसलं होतं. आपल्या वाडीची माणसं होती. सगळ्यांच्या माना वळल्या. तिसरी रांग. तुझे मामा बटाटावडा खात बसले होते. मध्यंतराला वाटायचे होते ते वडे, पण त्यांनी आधीच एक मिळवला होता. त्यांचा घास तोंडातच राहिला. मग शेजारच्याला म्हणाले, आणि तुला ठाऊक आहे त्यांचा आवाज, ट्रेलरवाल्याचा: "आयला, मी मेलो? आन् मला कुणी कळवलं पन न्हाय?"

मागच्या दोन रांगा हसल्या. सरांना वाटलं कुणी टवाळी करतंय. ते आणखी दुःखी झाले. डोळ्याला रुमाल लावला.

मी नाही हसले. सगळे हसत होते तेव्हा मी पुस्तक हातात घेतलं होतं. हाताला ते हलकं लागलं. मी लिहिलेलं मला माहीत आहे, उशाला घेऊन झोपलेय मी ते. मी शेवटचं पान उघडलं. शेवटच्या पानावर बाई बंधाऱ्यावर बसलीये. समुद्राकडे बघतेय. रडतेय. संपलं.

खुनी नाही.

मागे उलटलं. आणखी मागे उलटलं. चौकशी नाही. चपलेचा चिखल नाही. सील न तोडता दार कसं उघडलं, ते नाही. बाई ज्या दिवशी सगळ्या यार्डासमोर बोट दाखवून उभी राहते, तो दिवसच नाही. पुसून टाकलेलं सगळं. माझी बाई शोधून काढते, सुजाता. ह्यांची बाई रडत बसते.

तेव्हा तुला म्हटलं ना, का रडलीस म्हणून? तुझी चूक नाही. त्यांनी पुस्तकात रडण्याशिवाय काही ठेवलंच नाही.

टोपली समोर आली तेव्हा मी मानेचं निमित्त केलं होतं. आता निमित्त नको होतं.

सूत्रसंचालक माइकवर म्हणत होता, "आता लेखिका मावशींच्या वतीने प्रकाशिका मॅडम मनोगत व्यक्त करतील." बाकीच्या चौघांनी स्वतःचं मनोगत स्वतः सांगितलं होतं. माझं मन मात्र मॅडमकडे ठेवायला दिलेलं. मी उठले. मॅडम उठायच्या आत माइकपाशी गेले.

मी म्हटलं, "माझा नवरा तिसऱ्या रांगेत बसलाय. उठा हो जरा."

मामा उठले. हातात वडा. त्यांनी हात जोडले तर वडापण जोडला गेला. लोक हसले, शिट्ट्या वाजल्या. मी थांबले. हसू संपू दिलं.

मग म्हटलं, "ही कादंबरी आहे. रहस्यकथा. मी रचलीये. ह्यातली बाई मी नाही. ह्यातला मेलेला माझा कुणी नाही. आणि ह्यातला खुनी ह्यांनी कापून टाकलाय."

मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. ओठ न हलवता म्हणाल्या, "मावशी, बसा. प्लीज बसा." सूत्रसंचालक म्हणाला, "वेळेअभावी आपण मावशींना इथेच..." आणि माइक बंद झाला. कुणी केला ते मी पाहिलं नाही. पण झाला.

माइक! अगं, मिठागरात एका बंधाऱ्यावरून दुसऱ्या बंधाऱ्यावर हाका मारून वाढलेली बाई मी. वारा समोरून असायचा तरी हाक पोचायची. मी स्टेजच्या कडेला आले आणि शेवटचं प्रकरण सांगायला सुरुवात केली. तोंडपाठ होतं.

सांगितलं की बाई यार्डात सगळ्यांना जमवते. म्हणते, माझा नवरा मेला त्या दिवशी मला समजवायला कोण कोण आलं ते आठवा. सगळे आले. पण एक साहेब सगळ्यांत आधी आला. दारात उभा राहिला, डोळे पुसले, म्हणाला, वहिनी, धीर धरा. मी चुलीपुढे होते. मी म्हटलं, कशाचा धीर? तेव्हा त्याचा चेहरा बदलला. मढं सापडायचं होतं अजून. पोलिसांना खबर नव्हती. भरती उतरायची होती. आणि हा सांत्वनाला आला! बातमीच्या आधी ज्याचं रडू पोचतं, त्यानेच मारलेलं असतं.

पंख्याचा आवाज येत होता. मी कुणाकडे बघून बोलले नाही. पण लोकांचं बघणं माझ्या हातात नव्हतं. सरांनी रुमाल घडी करून खिशात घातला. घाईघाईने.

टाळ्या वाजल्या. खूप वाजल्या. खरं सांगू, त्या टाळ्यांचाही मला संशय आहे. गोष्टीला वाजवल्या की म्हातारी फटकळ निघाली म्हणून? दुसऱ्या दिवशी कुणीतरी माझा व्हिडिओ फिरवला, वर लिहिलेलं 'बेधडक आजी'. त्यात मामांचा वडा आहे. मी ओरडतेय ते आहे. खुनी कोण, ते कापलंय.

कार्यक्रम उरकला. मागच्या खोलीत मॅडम उभ्या होत्या. डोळे लाल. म्हणाल्या, "तुम्ही माझी फसवणूक केलीत, मावशी. मी तुम्हाला कुठून कुठे आणलं."

मी म्हटलं, "कुठून आणलंत? मी उरणातच होते."

"तुम्हाला कळत नाहीये. आत्मकथनाच्या पुरस्काराला मी पुस्तक पाठवलंय. मिळणार आहे, जवळजवळ ठरलंय. तुम्ही फक्त गप्प राहायचं होतं. रहस्यकथा लिहिणारे ढिगाने पडलेत. तुमची रहस्यकथा कोण वाचणार? तुमच्याकडे जे आहे ते दुसऱ्या कुणाकडे नाही."

"काय आहे माझ्याकडे?"

"तुमचं आयुष्य."

"मग ते माझ्याकडेच राहू दे."

त्या रडायला लागल्या. वाईट बाई नाही, असं मामा म्हणतात. असेल. त्यांना खरंच वाटत असेल की त्या माझं भलं करतायत. पण मी त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे बघत राहिले आणि विचार करत राहिले, हे कशासाठी? माझ्यासाठी? की हातची वस्तू निसटली म्हणून? अजून ठरलेलं नाही माझं.

मी त्यांना दोन गोष्टी सांगून आले. एक तर माझं नाव कव्हरवरून काढा. नाहीतर माझी बाई, माझा खुनी, मी ठेवलेल्या नावाचं पुस्तक, आहे तसं छापा. मधलं काही नाही. त्या म्हणाल्या, विचार करते. अजून करतायत.

कंडक्टरांचा फोन आला होता. म्हणाले, "ताई, जाऊ द्या हो, छापलं तरी ना. आपल्यासारख्यांना कोण छापतं?" मी म्हटलं, तुमच्या पुस्तकातलं भूत काढून नुसती एस्टी ठेवली असती, तर चाललं असतं? मग म्हणाले, "नसतं चाललं."

मागच्या आठवड्यात एक गृहस्थ घरी आले. पुरस्कारवाल्यांकडचे. म्हणाले, समितीला पुस्तक फार भावलं, तुम्ही नुसता होकार द्या, त्या दिवशी स्टेजवर काय झालं ते आम्ही मनावर घेत नाही. मी त्यांना पाट दिला, चहा दिला. आणि विचारलं, "पुस्तकात खुनी कोण?" ते म्हणाले, "तसं... ते महत्त्वाचं नाही ना, मावशी. वेदना महत्त्वाची." मी म्हटलं, चहा संपवा मग. मामा दारापर्यंत सोडायला गेले. जाताना त्यांनी मामांना विचारलं, "आपण कोण?" मामा म्हणाले, "मी मयत."

हसतेस ना? हस. पण आता नीट ऐक, म्हणून तर एवढं लिहिलं.

तू म्हणालीस, मॅडमनी तुझ्या कविता मागितल्यात. पुढच्या पाच पुस्तकांत घ्यायच्या म्हणून. देऊ नको असं मी म्हणत नाही. तुझं तू ठरव. तू पावसाच्या लिही, प्रेमाच्या लिही, दवाखान्यातल्या मांजराच्या लिही. पण कुणी तुला विचारलं की ह्यात तुझ्या वाडीचं दुःख कुठंय, तर तिथेच उठ. सांगायचं असेल त्या दिवशी आपण सांगू. आपल्या तोंडाने, आपल्या वेळेला, आणि कुणाची मान खाली जाईल ह्याची पर्वा न करता सांगू. मागणाऱ्याला मिळणार नाही. ते म्हणतात, भोगायचं तुम्ही, रचायचं आम्ही. हे मी मान्य करत नाही. मरेपर्यंत करणार नाही. मला पुरस्कार नको. मला त्यांचं 'माउली' नको. मला लेखिका म्हणायचं. रहस्यकथा लिहिणारी. नसेल जमत तर काही म्हणू नका, माझ्या वाटेला जाऊ नका.

'शाबूत सील' मी पुन्हा पूर्ण उतरवून काढलंय. ते छापलं जाईल तेव्हा जाईल. ज्याला त्या आसवांच्या पुस्तकातून शेवट हवा असेल त्याने दारात यावं, मी सांगेन, उभ्याने सांगेन. आणि थांबले नाही मी. दुसरं सुरू केलंय. ह्या वेळी करंजाच्या धक्क्यावर एक होडी रिकामी परत येते. बाई ह्यातही आहे, पण ती मासळी विकणारी आहे, आणि ती एकदाही रडत नाही. ठरवूनच टाकलंय मी ते.

एका ठिकाणी अडलेय. माणूस आधी मेला आणि मग पाण्यात टाकला, की पाण्यात पडून मेला, हे डॉक्टर कसं ओळखतात? इथे कुणाला विचारायची सोय नाही, विचारलं की बघायला लागतात माझ्याकडे. तू दवाखान्यात आहेस, तुला विचारता येईल. विचारून घे आणि लवकर ये. पुढच्या सुट्टीला नको, ह्याच सुट्टीला ये. माझं मढं तिथे पाण्यात ताटकळत पडलंय, आणि खुनी मोकळा फिरतोय.